सकीउसा मास्टरचं कलम सात

ही गोष्ट सकीउसा स्वतःच सांगतो. यांगोनाचं, म्हणजे मुळ्या कुटून कालवलेल्या आमच्या पेयाचं, भांडं मध्ये ठेवून चार माणसं चटईवर बसली आणि दोन-दोन करवंट्या पोटात गेल्या, की कुणीतरी मुद्दाम खोडी काढतं, "मास्टर, ते कोयत्यांचं सांगा ना." मग तो सांगतो. सांगताना स्वतःला इतका धुऊन काढतो, की ऐकणाऱ्यालाच त्याची दया यावी. पण शेवटचा भाग तो गाळतो. तो आम्हाला दुसरीकडून कळला, म्हणून इथं सगळं ओळीनं सांगून टाकतो.

सकीउसा नाईवुका हायस्कूलचा उपमुख्याध्यापक. एकतीस वर्षं नोकरी झाली होती आणि शाळेची शिस्त त्याच्याकडे होती. आदल्या वर्षी रग्बीच्या सामन्यानंतर दोन गावांच्या पोरांत दगडफेक झाली, एकाचं डोकं फुटलं. म्हणून राजधानीत, सुव्याला तीन दिवसांचं शिबिर निघालं तेव्हा शाळेनं त्यालाच धाडलं. विषय होता शाळेतली शस्त्रं आणि विद्यार्थ्यांची मारामारी. तिथं प्रत्येकाला कुठल्याशा थंड देशातल्या शाळेच्या नियमांची एकेक जाडजूड फाईल मिळाली. बाकीच्या मास्तरांनी तिचा पंखा केला. सकीउसानं येताना बोटीवर ती दोनदा वाचली, आणि लोक उलट्या करत असताना हा पठ्ठ्या ओळींखाली रेघा मारत होता.

आठ दिवसांत त्यानं एकोणीस कलमांचे नियम लिहून काढले. लिहिले म्हणजे काय, बरेचसे उतरवले. कलम चारमध्ये बर्फाचे गोळे फेकायला बंदी होती. कलम नऊप्रमाणे वर्गात जाड कोट घालता येणार नव्हता.

"मेव्हण्या," शाळेत हस्तकामाची कार्यशाळा चालवणारा मास्तर इलाईतिया म्हणाला, "बर्फ कुठून आणणार पोरं? मुनसामीच्या दुकानातली कुल्फी फेकली तर कुठलं कलम लागेल?"

इलाईतिया त्याचा मामेभाऊ. आमच्यात मामे-आतेभाऊ एकमेकांना मेव्हणाच म्हणतात, मामेभावानं आतेभावाची टर उडवायची हा हक्कच असतो, आणि इलाईतियानं तो हक्क एक दिवसही वाया घालवला नव्हता.

"नियम पूर्ण असावेत," सकीउसा म्हणाला.

त्याचं लाडकं कलम होतं सातवं. चार बोटांहून लांब पात्याची कोणतीही वस्तू आवारात आणणाऱ्याला, मग तो विद्यार्थी असो, शिक्षक असो की पाहुणा, तत्काळ दहा दिवस घरी पाठवले जाईल. त्या काळात कोणत्याही कारणाने त्याला आवारात पाऊल टाकता येणार नाही. स्पष्टीकरण ऐकले जाणार नाही. निर्णय कोणालाही बदलता येणार नाही. ही शेवटची दोन वाक्यं फाईलमधली नव्हती, ती सकीउसाची स्वतःची. त्यांवर तो इतका खूश होता की बायकोला, लितियानाला, त्यानं ती जेवताना वाचून दाखवली. तिनं कसाव्याचा कंद सोलता सोलता सगळं ऐकलं आणि मीठ कमी आहे का, एवढंच विचारलं.

मुख्याध्यापिका प्रमिला मॅडम मात्र जरा घुटमळल्या. "मास्टर, स्पष्टीकरण थोडं ऐकलेलं बरं असतं हो."

"मॅडम, एकाचं ऐकलं की सगळ्यांचं ऐकावं लागतं."

मॅडमना लम्बासाची बस पकडायची होती. त्यांनी सही केली आणि चार दिवसांच्या बैठकीला निघून गेल्या. सोमवारी प्रार्थनेनंतर सकीउसानं एकोणीसच्या एकोणीस कलमं उन्हात उभ्या असलेल्या मुलांना वाचून दाखवली. दोन मुलं चक्कर येऊन पडली. चक्कर येण्याबद्दल कलम नव्हतं.

मंगळवार कोरडा गेला. नियम केल्यावर कुणी मोडतच नाही म्हणजे काय, असं त्याला व्हायला लागलं होतं. बुधवारी सकाळी कार्यशाळेच्या दाराशी शाळेच्या शेवटच्या वर्गातली, तेरावीची तोरिका दिसली. तिच्या काखेत गोणपाटात गुंडाळलेले चार कोयते होते.

सकीउसाला आनंद झाला. हे तो आता स्वतः कबूल करतो. "मासा गळाला लागल्यावर होतो तसा," असं म्हणतो, आणि स्वतःच्या थोबाडीत मारल्यासारखं करतो.

"काय आहे ते?"

"कोयते आहेत सर. शुक्रवारच्या..."

"मी काय आहे विचारलं. कशासाठी ते विचारलं नाही."

"पण सर, तुम्हीच मागच्या..."

"कलम सात. स्पष्टीकरण ऐकलं जाणार नाही."

इलाईतिया आतून हात पुसत बाहेर आला. "अरे मेव्हण्या, ऐक तर..."

"तुझंही नाही."

तोरिकानं गोणपाट सोडलं. चार कोयते तिनं दाराशी नीट एकावर एक ठेवले आणि दप्तर घेऊन गेली. मग सकीउसानं कचेरीत बसून तिच्या बापाला पत्र लिहिलं. अक्षर वळणदार होतं. आपली कन्या चार शस्त्रांसह आवारात आढळली, असं पहिलंच वाक्य होतं. त्यानं ते पत्र तीनदा वाचलं, नियमाप्रमाणे एक प्रत फळ्यावर लावली आणि चहाबरोबर एक बिस्कीट जास्त खाल्लं.

आता गुरुवार. सोमवारपासून तेरावीची सरकारी परीक्षा होती, केंद्र आमच्याच शाळेच्या सभागृहात, आणि बाहेरून पर्यवेक्षक यायचे होते. पाऊस होऊन गेल्यामुळे आवारात गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं. दर शुक्रवारी शेवटचे दोन तास सगळी शाळा गवत कापते, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय. प्रत्येक पोर घरून कोयता आणतं. ऊस तोडायचा, नारळ फोडायचा, गवत कापायचं, सगळं त्याच कोयत्यानं. तो घरात चमच्यासारखा असतो, आणि चमच्याला कुणी शस्त्र म्हणत नाही.

म्हणून गुरुवारच्या प्रार्थनेला सकीउसानं घसा खाकरून ठणकावून सांगितलं, "उद्या पहिल्याच तासाला गवत. प्रत्येकानं कोयता आणायचा. धार लावून आणायचा. न आणणाऱ्याची गाठ माझ्याशी आहे."

दोनशे बारा मुलांनी "हो सर" म्हटलं. नऊ शिक्षकांनी माना डोलावल्या. सगळ्या आवारात एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बुधवारचा कोयता कलमातला होता, गुरुवारचा गवतातला. एकाच डोक्यात दोन्ही शेजारी शेजारी बसले होते आणि त्यांची एकमेकांशी ओळखही झाली नव्हती.

शुक्रवारी सकाळी साडेसातला सकीउसा फाटकाशी उभा राहिला. कलम सातची वही घेऊन रोज फाटकाशी उभं राहायचं, हेही त्यानंच ठरवलेलं. पहिल्यांदा नववीतल्या दोन मुली आल्या. हातात लखलखीत कोयते. सकीउसाची भुवई चढली, त्यानं वही उघडली आणि नावं लिहून घेतली. मागून वरच्या गावची बस आली. तिच्यातून चाळीस मुलं उतरली आणि चाळीस कोयते उतरले. ड्रायव्हरनं एक खिडकीतून खाली दिला, विसरला होता कुणीतरी.

अकरा नावं लिहून झाली. बाराव्या मुलानं विचारलं, "सर, नाव कशाला? आज हजेरी फाटकातच?"

"कलम सात! शस्त्र घेऊन आलास आणि वर विचारतोस?"

मुलगा कोयत्याकडे बघायला लागला. मग सरांकडे. "पण सर, काल तुम्हीच म्हणालात की न आणणाऱ्याची गाठ..."

सकीउसाचं पेन थांबलं. रस्त्याकडे नजर जाईल तिथपर्यंत मुलं येत होती, आणि प्रत्येकाच्या हातात पातं उन्हात चमकत होतं. दंगल बघायला आलेल्या माणसाला याहून भरगच्च दंगल मिळाली नसती, फक्त दंगलीतली मंडळी भाकरीचे डबे घेऊन गप्पा मारत चालली होती.

इलाईतिया शांतपणे फाटकाला टेकला. "मेव्हण्या, तुझ्या काखेत काय आहे रे? कंगवा?"

सकीउसानं खाली पाहिलं. त्याच्या काखेत त्याचा कोयता होता. पहाटे उठून त्यानं स्वतः धार लावली होती.

"शिक्षक असो की पाहुणा," इलाईतिया घोगऱ्या आवाजात म्हणाला, अगदी सकीउसाच्याच. मुलं हसली. मग मास्तर हसले. बसच्या ड्रायव्हरला सगळे का हसतात हे ठाऊक नव्हतं, तरी तोही हसला.

आठच्या बसनं प्रमिला मॅडम लम्बासाहून परतल्या. फाटकावरचा देखावा बघून आधी त्या घाबरल्या, मग फळ्यावरचं पत्र वाचून गंभीर झाल्या. त्यांनी सकीउसाला कचेरीत बोलावलं.

"तोरिकाला घरी पाठवलंत?"

"कलमाप्रमाणे, मॅडम."

"दहा दिवस आवारात पाऊल टाकायचं नाही. परीक्षेचं केंद्र कुठं आहे मास्टर?"

सकीउसानं मान वळवली. केंद्र खिडकीतून दिसत होतं. काल त्यानंच तिथली बाकं मोजून घेतली होती.

"म्हणजे ती परीक्षेला मुकणार. वर्ष गेलं तिचं. गणितात सबंध जिल्ह्यात पहिली आली होती पोरगी."

"नियमात परीक्षेचा उल्लेख नाही, मॅडम."

"बर्फाचा आहे."

सकीउसानं हातातली वही मिटली. मॅडम म्हणाल्या, "मी सही करून लागू केलं, सही करून रद्द करते. पण कारण तुमच्या हातानं लिहून हवं." सकीउसानं कागद घेतला. पहिला मसुदा दोन पानांचा झाला. त्यात शिबिर होतं, बदलती परिस्थिती होती, गवताची वाढ होती. मॅडमनी तो परत दिला. दुसरा एक पानाचा झाला, तोही परत आला. चौथ्या खेपेला कागदावर तीनच शब्द उरले, 'माझी चूक झाली', आणि खाली सही. एवढं लिहायला त्याला दीड तास लागला होता.

बाहेर गवत कापणं चाललं होतं. तो इलाईतियाशेजारी जाऊन वाकला आणि कापायला लागला.

"चार कोयते कशाला आणले होते रे तिनं?"

"गटातल्या चौघींचे. माझ्या सहाणेवर धार लावायला. मागच्या शुक्रवारी तूच बोंबललास ना, बोथट कोयता आणतो तो आळशी म्हणून?"

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगत होतो. तू काय म्हणालास?"

सकीउसा काय म्हणाला होता ते सकीउसाला आठवलं. तो पुढं सरकला.

"आणि ऐक," इलाईतिया म्हणाला, "नुसता कागद फाडून भागणार नाही. तिच्या बापानं, एमोसीनं, पत्र वाचलं. पोरीला उद्याच्या बोटीनं लाउटोकाला पाठवतोय, तिच्या आत्याकडे. हॉटेलच्या चादरी धुण्याचं काम आहे. शाळेला आपली पोरगी गुंड वाटते, तर नको म्हणाला शाळा."

"तू चल माझ्याबरोबर. माफी मागताना आपल्या वतीनं बोलणारा माणूस लागतो."

"मागच्या वेळी मी बोललो तर तू ऐकलंस? आता तूच बोल."

शाळा सुटल्यावर सकीउसा घरी गेला. लितियानानं भावासाठी ठेवलेली यांगोनाच्या मुळ्यांची जुडी काढली, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली, वर लाल फीत बांधली. "एकच आहे घरात," ती म्हणाली. "आणि हे बघ, भाषण करू नकोस."

एमोसीचं घर उसाच्या कडेला, पत्र्याचं. दारात तोरिकाची पेटी भरून ठेवलेली दिसली. आत एमोसी चटईवर बसला होता, अंगावर जाळलेल्या उसाची काजळी. चाळिशीचा माणूस, तोडणी टोळीचा मुकादम. तोरिका आतल्या दाराशी उभी होती. सकीउसा दाराजवळ, सगळ्यांत खालच्या जागी बसला, जुडी पुढं ठेवली आणि मान खाली घातली. समोरच्यानं जुडीला हात लावला तर मिटलं. नाही लावला तर जुडी उचलून आल्या वाटेनं परत जायचं.

"एमोसी, मी..."

"मास्टर, स्पष्टीकरण ऐकायचं नाही असा नियम आहे ना?"

सकीउसानं जुडी दोन बोटं पुढं सरकवली. उसातून वारा गेला. आतल्या दाराशी तोरिकानं पाय बदलला.

"स्पष्टीकरण नाहीच," तो म्हणाला. "तुझ्या मुलीचं काही चुकलं नव्हतं. मी सांगितलेलंच ती करत होती. मी तिचं ऐकलं नाही, कारण मला नियम चालवून बघायचा होता. सोमवारी तिला परीक्षेला पाठव. एवढंच मागायला आलोय."

एमोसीनं जुडीकडे पाहिलं. मग त्यानं हात पुढं केला, जुडीला लावला आणि घेतल्याची खूण म्हणून ओंजळ करून तीनदा टाळी वाजवली. "घेतली. सोमवारी येईल ती." आतल्या दाराशी तोरिकानं तोंडावर हात धरला आणि ती मागच्या मागे वळली. पेटी ओढत आत नेल्याचा आवाज आला.

सकीउसाला इतकं हलकं वाटलं की तो उठायलाच निघाला.

"मास्टर, ही पोरीची झाली," एमोसी म्हणाला. "माझी कुठंय?"

"तुझी?"

एमोसीनं उजवा हात चटईवर पालथा ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडं होतं, सांधे गाठाळलेले. "मी नववीत होतो. एका पोराला ठोसा मारला होता मी, फुटबॉलवरून. तुम्ही मला सगळ्या शाळेसमोर उभं केलंत, मारामारी करायची नसते हे शिकवायला. आणि रबरी नळीनं मारलंत. मी हात मध्ये घातला. पुढच्या आठवड्यात परीक्षा होती. हात सुजलेला, पेन धरता येईना. मग आलोच नाही शाळेत. उसात गेलो."

सकीउसानं त्या बोटांकडे पाहिलं. मग एमोसीच्या तोंडाकडे. आठवायचा प्रयत्न केला. एकतीस वर्षांत त्यानं एमोसीचा उल्लेख केला असेल तर 'शाळा अर्धवट सोडलेला' एवढाच. नळी आठवली, ती कार्यशाळेच्या नळाची होती, हिरवी. हात आठवला, स्वतःचा. पोरगा आठवेना. आठवतंय म्हणणं सोपं होतं.

"मला आठवत नाही, एमोसी," तो म्हणाला, आणि आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी त्याला स्वतःची लाज वाटली.

"नसेलच आठवत. त्या दिवशी आम्ही सातजण होतो रांगेत."

"मग मुलीला आमच्याच शाळेत का घातलंस?"

"दुसरी शाळा कुठंय?" एमोसी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "या तुम्ही मास्टर. आणा कधी जमेल तेव्हा. पण एकेकाची वेगळी आणा. सातजणांत एक नको."

इथवर सकीउसा सांगतो. कधी कधी तर करंगळीच्याही आधी थांबतो, मग हसून करवंटी रिकामी करतो आणि कुणाला तरी म्हणतो, वाढा अजून. पुढचं मुनसामीनं सांगितलं.

मुनसामीचं दुकान रस्त्याच्या वळणावर आहे. तांदूळ, डबाबंद मासे, केरोसीन आणि यांगोनाच्या मुळ्या, सगळं एका छपराखाली. पाच वाजून गेले होते. सकीउसा घामानं भिजून आला आणि म्हणाला, "मुळ्यांच्या जुड्या दे. चांगल्यातल्या."

"किती देऊ मास्टर?"

सकीउसा सांगायला गेला आणि अडकला. बोटं मोजायला लागला. एमोसी एक. मग त्या दिवसाचे बाकीचे सहा. त्यांची नावंही त्याला ठाऊक नव्हती. मग रग्बीच्या पोरांना एकदा मारलं होतं ते. वसतिगृहातले. केसांची फीत विसरलेल्या मुली. कायद्यानं मारायला बंदी आली त्याच्या आधीची दहा-अकरा वर्षं, आणि बंदी आल्यानंतरचीही दोन-तीन. हाताची बोटं संपली, तो पुन्हा करंगळीवर आला. मग मोजायचं सोडून तसाच उभा राहिला.

"मास्टर? बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

सकीउसानं मान वर केली. गल्ल्यामागे उभ्या त्या टकल्या, पोट सुटलेल्या माणसाकडे तो पहिल्यांदाच नीट बघत होता.

"मुनसामी, तू कितवीत होतास माझ्याकडे?"

"दहावी. दोनदा."

"मी तुला मारलं होतं का?"

मुनसामी हसला. रोज गिऱ्हाइकाशी हसतो तसंच, पण हात मात्र नकळत मानेमागे गेला. "जाऊ द्या हो मास्टर. किती वर्षं झाली."

"मारलं होतं का?"

"तीनदा," मुनसामी म्हणाला. आता तो हसत नव्हता.

सकीउसानं जुड्यांच्या टोपलीतून तीन उचलल्या, खिशातले पैसे काढून गल्ल्यावर ठेवले आणि तिन्ही जुड्या मुनसामीच्या पुढं सरकवल्या. मग दुकानाच्या पायरीवर, सगळ्यांत खाली, तो मान खाली घालून बसला. फडताळावरचं माप मुनसामीनं उगाच पुसलं. बाहेर एक बाई केरोसीनची बाटली घेऊन येऊन थांबली होती, तिला त्यानं हातानंच थांब म्हटलं. मग गल्ल्याच्या बाहेर येऊन तो मास्टरसमोर खाली बसला आणि एकेका जुडीला हात लावायला लागला.